आकडा टाइप केला म्हणजे संख्या मिळाली, असं नाही

युजरने ५ टाइप केला की प्रोग्रामला ५ ही संख्याच मिळते, हा समज अजूनही शिकवण्यांमधून फिरतो. प्रत्यक्षात मिळतो तो मजकूर, म्हणजे नुसतं चिन्ह. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये, युजरचं टाइप केलेलं वाचणारं इनपुट फंक्शन ते थेट कोड म्हणून चालवायचं, म्हणून संख्या हाती यायची. पण त्या वाटेने कुणीही घातक कोड घुसवू शकत होता. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये ते बंद झालं आणि इनपुट कायम मजकूरच देऊ लागलं.

पुढे काय होतं, ते प्रोग्रामिंग भाषेवर ठरतं. मजकूर "५" अधिक संख्या ३: पायथन सरळ एरर देतो (आणि हे उत्तमच, चूक तिथेच पकडली जाते), पर्लमध्ये ८, जावास्क्रिप्टमध्ये "५३". तिथे अधिक चिन्ह जोडण्याचंही काम करतं. वजाबाकीला दुसरा अर्थच नाही, म्हणून "५" वजा ३ मात्र २.

ही उदाहरणं इंग्रजी आकड्यांची. देवनागरीत टाइप केलेला "१२" मजकुराची संख्या करणारं पायथनचं इंट फंक्शन बिनतक्रार बारा म्हणून वाचतं, तेच काम करणारं जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र 'संख्या नाही' असं उत्तर देतं. मराठी फॉर्म बनवणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.