नवीन बंद्यांची लैंगिक व रक्तजन्य संसर्गांची तपासणी

कारागृहात दाखल झालेल्या बंद्याला एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), हिपॅटायटिस बी किंवा सी यांपैकी काही आहे का, हे पाहण्यासाठी केलेली तपासणी. कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न अलिबाग (हिराकोट किल्ला), रत्नागिरी, सावंतवाडी आणि ओरोस येथील लहान कारागृहांत येतो. तिथले बहुतेक बंदी कच्चे कैदी असतात. जामीन झाला की ते जातात; त्यामुळे तपासणीची खरी कसोटी चाचणीत नसून चाचणी ते उपचार या मधल्या दिवसांत लागते.

अटकेनंतर पोलीस करून घेतात ती वैद्यकीय तपासणी वेगळी. तिच्यात मुख्यतः जखमा नोंदवल्या जातात, या संसर्गांसाठी रक्त सहसा तपासले जात नाही. ‘मेडिकल झालंय’ एवढ्यावर बंद्याला पुढे ढकलू नये.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ (अंमल १० सप्टेंबर २०१८) नुसार चाचणीआधी समजावून घेतलेली संमती लागते. बंदी असला तरी सक्ती नाही. दाखल होण्याच्या रात्री माणूस घाबरलेला किंवा नशा उतरत असलेला असतो. तेव्हा फक्त लक्षणे विचारावीत: लघवीत जळजळ, स्राव, जननेंद्रियावर व्रण, कावीळ, खोकला, वजनात घट, आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या. एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधे) चालू असेल तर एकही डोस चुकू देऊ नये. समुपदेशन व रक्त पुढच्या एक-दोन दिवसांत. मच्छीमार बोटींवरच्या नेपाळी खलाशांशी हिंदीतून किंवा दुभाष्यामार्फत बोलावे; मराठी फॉर्मवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

बोट टोचून करायच्या चाचणीत स्पिरिट वाळू द्यावे आणि पहिला थेंब पुसून टाकावा. रक्त, द्रावणाचे थेंब आणि वाचनाची वेळ किटच्या पत्रकाप्रमाणेच ठेवावी. उशिरा वाचलेली पट्टी ग्राह्य धरू नये. नियंत्रण रेषा (पट्टी नीट चालल्याची खूण) न उमटल्यास चाचणी बाद. कोकणच्या पावसाळी दमट हवेत पाकीट आधीच फोडून ठेवणे ही नेहमीची चूक. किट बहुधा २ ते ३० अंशांत ठेवायचे असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालची खोली सहज त्यापुढे जाते.

एका पट्टीवरची रेषा म्हणजे निदान नव्हे. एचआयव्हीचे निदान आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी पक्के होते. नुकत्याच झालेल्या संसर्गात पट्टी कोरी राहू शकते, म्हणून अलीकडे धोका घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. गरमीच्या झटपट चाचणीत उलटी अडचण: उपचार झालेल्यातही रेषा बहुधा जन्मभर उमटते. अशा वेळी आरपीआर या दुसऱ्या रक्तचाचणीचे टायटर (प्रतिपिंडांचे प्रमाण) पाहावे लागते. उपचार बेंझाथिन पेनिसिलीन २४ लाख युनिट, स्नायूत. ताज्या संसर्गात एकदा, जुन्या किंवा केव्हाचा ते न कळलेल्या संसर्गात दर आठवड्याला एक असे तीनदा. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी आढळली तर प्रत्यक्ष विषाणू शोधणारी आरएनए चाचणी हवीच, कारण काहींचा विषाणू आपोआप गेलेला असतो. सिरोसिस नसलेल्यांना सोफोसबुविर व डाक्लाटास्विर १२ आठवडे देतात. हिपॅटायटिस बी नसेल तर लस: ०, १ आणि ६ महिने.

पुष्टीसाठी जिल्हा रुग्णालय गाठायचे तर पोलीस गार्ड मिळावा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. निवडणूक किंवा गणपतीचा बंदोबस्त लागला की तारखा पुढे जातात. नमुना कारागृहातच घेऊन पाठवणे जास्त सोयीचे.

गोपनीयता बहुधा मदतनीस बंद्यामुळे फुटते. दवाखान्याचे रजिस्टर त्याच्या हाती देऊ नये. वॉरंटवर लाल खूण नको, एचआयव्हीसाठी वेगळी बराकही नको. भांड्यांतून किंवा एकत्र राहण्यातून एचआयव्ही पसरत नाही. वस्तरा, सुई आणि गोंदण मात्र धोक्याचे.

कळंबा (कोल्हापूर) किंवा येरवडा (पुणे) मध्यवर्ती कारागृहात बदली होताना उपचारपत्र आणि किमान महिन्याच्या गोळ्या सोबत द्याव्यात. जामिनाचा आदेश संध्याकाळी येतो, तेव्हा दवाखाना बंद असतो. म्हणून हा संच नाव घातलेल्या बंद पाकिटात आधीच तयार ठेवतात आणि गेटवर तो फक्त बंद्याच्याच हाती देतात.