मैत्रीचं मूळ इच्छेत शोधताना: प्लेटो आणि ॲरिस्टॉटल

ग्रीकांचा ‘फिलिया’ हा शब्द आपल्या ‘मैत्री’पेक्षा ऐसपैस आहे. आई-मुलाची माया, धंद्यातली भागीदारी, सहप्रवाशांची सलगी, सगळं त्यात बसतं. प्रेमाच्या ओढीसाठी ‘एरॉस’ हा शब्द वेगळा. प्लेटोच्या ‘लायसिस’ संवादात हे दोन्ही मुद्दाम शेजारी मांडलेत: अथेन्सच्या तटाबाहेरचा नवा आखाडा, हर्मिस देवाचा सण, लायसिस या किशोरवयीन मुलावर भाळलेला हिप्पोथालिस आणि लायसिसचा दोस्त मेनेक्सेनस.

सॉक्रेटिस आधी दोन जुनी मतं मोडीत काढतो. सारख्याला सारखा आवडतो? पण सारखा माणूस सारख्याला नवीन काय देणार? मग विरुद्धाला विरुद्ध? तर शत्रूही मित्र ठरेल. तिसरा प्रयत्न रोग्याचा: आजारामुळे त्याला वैद्य हवासा वाटतो. पण वैद्य हवा आरोग्यासाठी, आरोग्य आणखी कशासाठी; या साखळीच्या टोकाला जे असेल तेच खरं प्रिय. मुलानं हेमलॉक हे विष प्यायलंय आणि उतारा वाइनचा आहे, तर बाप तीन कोत्युली (पाऊण लिटरभर) वाइनला आणि मातीच्या पेल्यालाही जपेल, पण जीव मुलातच.

शिवाय आजार गेला की वैद्याची ओढही जावी. म्हणून सॉक्रेटिस इच्छेकडे वळतो. जगातलं वाईट संपलं तरी भूक-तहान राहीलच, तेव्हा मैत्रीचं कारण इच्छा. इच्छा उणिवेची, आणि उणीव असते ती आपल्याच, हिरावलेल्या गोष्टीची. हे ‘आपलं’ म्हणजे ‘सारखं’च असेल तर गाडी पुन्हा पहिल्या मुक्कामावर. तेवढ्यात मुलांचे सांभाळणारे गुलाम थोडे झिंगून, मोडक्या ग्रीकमध्ये ओरडत येतात आणि बैठक उठते.

ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या दहापैकी दोन भाग, आठवा नि नववा, मैत्रीला दिले. त्याचा नेमका वार वाइनवरच आहे: वाइनचं भलं चिंतणं हास्यास्पद, ती टिकावी असं वाटतं ते आपल्याला मिळावी म्हणून. मित्राचं भलं मात्र त्याच्यासाठी चिंतायचं, दोघांनीही, आणि ते दोघांना ठाऊक हवं. इथे मराठी अनुवाद घसरू शकतो. सॉक्रेटिसच्या भूक-तहानेसारखी ‘एपिथुमिया’ आणि ॲरिस्टॉटलची भलं चिंतणारी ‘बूलेसिस’, दोन्हींना ‘इच्छा’ म्हटलं की वादच नाहीसा होतो. पहिलीला ‘वासना’ म्हणावं, दुसऱ्या शब्दाला या संदर्भात ‘हित चिंतणं’. ‘सदिच्छा’ नको, कारण नुसती सदिच्छा त्याच्या मते मैत्रीची फक्त सुरुवात.

हिप्पोथालिससारख्यांबद्दलही तो बोलतो. प्रियकराला सुख पाहण्यात, समोरच्याला कौतुक करून घेण्यात. तारुण्याचा बहर ओसरला की दोन्ही सुखं आटतात. सहवासात एकमेकांचा स्वभाव आवडू लागला असेल, तर मात्र अशा पुष्कळ जोड्या टिकतात.