कॉर्नवॉलिस पाहायला येताय? मग भायखळ्याला उतरा

आमच्या रविवारच्या फेरीला नाव नोंदवलेल्यांपैकी दोन-तीन मंडळी दर खेपेला हॉर्निमन सर्कलच्या बागेत उभी राहून फोन करतात, "आम्ही आलोय, पुतळा कुठंय?" ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस, त्याचा पुतळा भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. चूक त्यांची एकट्यांची नाही. जुन्या पुस्तकांत आणि फोटोंत तो फोर्टमध्येच दिसतो. घुमटीखाली उभ्या त्या साहेबाला लोक फुलं वाहायचे, 'छोटं देऊळ' म्हणायचे. १९६५ साली शहरातल्या इंग्रजांच्या पुतळ्यांची मोडतोड झाली, त्यानंतर हा इकडे आला.

तर फोर्टमध्ये पोचलाच असाल तर टॅक्सी करू नका. सीएसएमटीवरून धीम्या लोकलने भायखळा तिसरं स्टेशन. (मधलं सँडहर्स्ट रोड, तेही एका लाटसाहेबाचंच, म्हणजे इंग्रज गव्हर्नराचंच नाव.) आम्ही पंधरा मिनिटं थांबतो, त्याहून जास्त नाही. यावरून काहींनी नाराजी कळवली आहे. पण वेळेवर आलेल्या माणसांना उन्हात ताटकळत ठेवणं आम्हाला पटत नाही. उशीर झालेल्यांचे पैसे बुडत नाहीत, पुढच्या रविवारी त्याच पावतीवर या.

दुसरा नेहमीचा प्रश्न : "अमेरिकेत हरलेल्या माणसाला हिंदुस्थान कसा काय दिला?" बहुतेकांना यॉर्कटाउन, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला त्याचा पराभव, ठाऊक असतं. १९ ऑक्टोबर १७८१ ला त्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली, आणि हा तब्येतीचं कारण सांगून स्वतः आलाच नाही, तलवार हाताखालच्या अधिकाऱ्याकडून पाठवली. पण तो जन्मजात उमराव, ईटनमध्ये शिकलेला, चोविसाव्या वर्षी वडिलांमागे अर्ल झालेला. राजाची मर्जी गेली नाही, आणि पराभवाचं खापर बरंचसं वरिष्ठ सेनापती क्लिंटनच्या माथी फुटलं. गंमत म्हणजे अमेरिकेवर पार्लमेंटची सर्वंकष सत्ता सांगणाऱ्या १७६६ च्या कायद्याला उमरावांच्या सभागृहात विरोध करणाऱ्या पाच जणांत हाही होता.

हिंदुस्थानचं पद त्याने आधी नाकारलं. आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत सांगायचं तर मुलकी लाट (गव्हर्नर जनरल) वेगळा आणि जंगी लाट (सरसेनापती) वेगळा, ही वाटणी त्याला नको होती. १७८६ साली कायदा बदलून दोन्ही अधिकार एकाच हाती दिले, तेव्हा तो कलकत्त्याला आला. कंपनीच्या नोकरांचा खाजगी व्यापार बंद करून पगार वाढवले, ही त्याची चांगली बाजू. वरच्या जागांवरून देशी माणसाला बाहेर ठेवलं, हीही त्याचीच करणी. आणि कृपा करून सातबाऱ्याचं खापर त्याच्यावर फोडू नका. १७९३ चा त्याचा कायमधारा, म्हणजे जमीनदारांकडून घ्यायचा कायमचा ठरवलेला सारा, बंगाल, बिहार, ओरिसाचा. आपल्याकडे पुढे रयतवारी आली, सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची.

आमच्या फेरीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो मे १७९१ वर, आणि तो आम्ही मुद्दाम घालवतो. टिपूवर चालून गेलेला कॉर्नवॉलिस त्याच्या राजधानीच्या, श्रीरंगपट्टणच्या दाराशी अडकला. पाऊस सुरू, बैल मेलेले, धान्य संपलेलं. वेढ्याच्या अवजड तोफा ओढायला जनावर उरलं नाही, म्हणून त्या स्वतःच फोडून तो माघारी फिरला. वाटेत घोडेस्वार दिसले. टिपूचेच असतील म्हणून इंग्रज लढायच्या तयारीला लागले, तर ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे, म्हणजे या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने असलेल्या मराठ्यांचे. टिपूच्या स्वारांनी हरकारे (निरोप नेणारे) अडवल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याची साहेबाला खबरच नव्हती. चार दिवस आधी कळतं तर तोफा वाचत्या. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात मात्र सगळं मिळत होतं. भाव चढे, पण उपाशी माणूस घासाघीस करत नाही. पुढच्या वर्षी टिपूने अर्धं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये देण्याचं कबूल केलं, दोन मुलं ओलीस ठेवली. त्या मुलखात मराठ्यांनाही वाटा मिळाला.

१८०५ साली तो पुन्हा आला, शिंदे-होळकरांशी चाललेली लढाई मिटवायला. जेमतेम दोन महिने काढले आणि ५ ऑक्टोबरला गाझीपूरला वारला. गंगेकाठी त्याची कबर आहे. काशीला जाणाऱ्यांनी विचारलंत तर तिथली वाट आम्ही कागदावर काढून देऊ, पैसे नाहीत.

तासाभराच्या फेरीत हे सगळं बसत नाही. उरलेलं फोर्टच्या सकाळच्या फेरीत येतं, जुनी घुमटी कुठे होती तेही तिथेच दाखवतो. दोन्ही एकदम नोंदवल्यास सवलत आहे. फक्त दोन्हींचे दिवस वेगळे आहेत, पावतीवर पाहून घ्या. बुधवारी बाग आणि संग्रहालय बंद असतं, शाळांनी तो वार मागू नये. टॅक्सीवाल्याला 'म्युझियम' एवढंच सांगितलंत तर तो फोर्टमध्ये काळ्या घोड्यापाशी सोडेल. 'भायखळा पूर्व, राणीची बाग' म्हणा.