बालपण : वंश, जात, वर्ग आणि लिंगभाव

बालपण सर्व समाजांत असते. मात्र ते किती वर्षे टिकते, त्यात खेळ किती व काम किती, हे वयापेक्षा मूल कोणत्या घरात जन्मले यावर अधिक ठरते. बालपणाची आजची कल्पना युरोपात आधुनिक काळातच घडली, असे फ्रेंच इतिहासकार फिलिप आरियेस यांनी १९६० मध्ये मांडले. पुढील अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. वंशभेद मुलांच्या मनात किती लवकर रुजतो हे अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांच्या प्रयोगांतून दाखवले. पुष्कळशा कृष्णवर्णीय मुलांनीही गोरी बाहुलीच ‘चांगली’ ठरवली. शाळांमधील गोऱ्या-काळ्यांची विभागणी रद्द करणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या संशोधनाची दखल घेतली गेली.

महाराष्ट्रात मुलांच्या मनात भेद रुजवण्याचे हे काम प्रामुख्याने जातीने केले. वंश आणि जात एक नव्हेत, पण आपली पायरी कोणती हे मुलाला शाळेआधीच कळते, एवढे दोन्हींत समान आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा चालवल्या. त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागायला त्याच दारी जावे लागते, असे ती त्यात सांगते. जात, दारिद्र्य आणि बालपण यांची गाठ इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा मजकूर त्या काळात क्वचितच सापडेल, आणि तो लिहिणारी स्वतः शाळकरी मुलगी होती.

उच्च जात आणि सुस्थिती असली म्हणजे मुलीचे बालपण लांबते, असे मात्र नाही. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे एकतीस वर्षांचे होते. पतीने त्यांना शिकवायला घेतले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनीच विरोध केला. कष्टकरी जातींत मुलीचे बालपण कामाने संपे. ब्राह्मण घरांत ते लग्नाने संपे आणि वैधव्य आले तर केशवपनाने. मुलग्याला मुंजीनंतर अध्ययनाची वाट मोकळी असे. संमतिवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायद्याने मान्य असलेल्या किमान वयाची, मर्यादा दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर पुण्यात टोकाचा वाद झाला. सामाजिक बाबतीत परक्या सरकारने हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. त्या वादात स्वतः त्या मुलींचा आवाज जवळपास नाही. त्याआधी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती.

आजच्या शहरात वर्गाचा भाग ठळक दिसतो. बांधकाम मजुरांची मुले इमारत पूर्ण झाली की साइटबरोबर शाळाही बदलतात किंवा सोडतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते. पुण्यातील कचरावेचक प्रामुख्याने दलित स्त्रिया असून, पूर्वी मुलीही आईबरोबर वेचायला जात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेने या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) खासगी शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट देणारा राज्य शासनाचा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला.