मधल्या तीन वर्षांचा हिशेब

अमेरिकेत वकील व्हायचं तर आधी पदवी, मग लॉ स्कूलची तीन वर्षं आणि शेवटी बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेसाठीची परीक्षा. ही तीन वर्षं कशी जातात हे विद्यार्थ्यांनाच विचारावं आणि अनेक लॉ स्कूल्सनी मिळून ती उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, यात अवघड असं काही दिसत नाही. तरीही हे नियमितपणे सुरू व्हायला २००४ साल उजाडावं लागलं.

तोवर आकडे नव्हते असं नाही. आत शिरायच्या दाराशी मोजमाप कधीचंच चालू होतं. १९४७ मध्ये काही लॉ स्कूल्सनी सामाईक प्रवेशपरीक्षेसाठी हात मिळवले आणि १९४८ च्या फेब्रुवारीत पहिली एलसॅट झाली. बाहेर पडायच्या दाराशी बार परीक्षेचे निकाल होतेच. शिवाय १९७० च्या दशकात कुणाला कुठे नोकरी लागली याचीही दरवर्षी नोंद होऊ लागली. दोन्ही दारांशी पहारा, आणि मधल्या घरात मात्र अंधार.

हा अंधार टिकून राहिला तो बराचसा भीतीपोटी. यू. एस. न्यूज या साप्ताहिकाने १९८७ मध्ये लॉ स्कूल्सची पहिली क्रमवारी छापली आणि १९९० पासून ती दरवर्षी येऊ लागली. एलसॅटचे गुण, डीन आणि न्यायाधीशांची मतं, अगदी ग्रंथालयातल्या पुस्तकांची संख्याही तीत धरली जाई. विद्यार्थी काय शिकला, हे मात्र धरलं जात नसे. एकेका पायरीसाठी चढाओढ लागली. २०११ मध्ये तर दोन लॉ स्कूल्सनी प्रवेशाचे गुण फुगवून सांगितल्याचं उघड झालं. अशा वातावरणात ‘आमचे विद्यार्थी नाराज आहेत’ हे शेजाऱ्याला आपणहून कोण सांगणार?

एकत्र येऊन आकडे वाटून घेण्याची दुसरी बाजूही याच काळात दिसली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अमेरिकन बार असोसिएशनवर, म्हणजे लॉ स्कूल्सना मान्यता देणाऱ्या संस्थेवरच, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. मान्यतेच्या प्रक्रियेत प्राध्यापकांच्या पगाराची माहिती गोळा होते आणि तिच्या जोरावर पगार वर रेटले जातात, असा आरोप होता. १९९६ च्या तडजोडीच्या हुकमाने ते बंद झालं. माझ्या मते या प्रकरणाचा धडा मोलाचा आहे: सामाईक माहिती कुणाच्या भल्यासाठी वापरली जाते, हे प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे.

वाट सापडली ती पदवीच्या वर्गांतून. इंडियाना विद्यापीठात जॉर्ज कूह यांच्या नेतृत्वाखाली, प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या पैशावर, २००० मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांचं देशव्यापी सर्वेक्षण सुरू झालं. क्रमवारीला पर्याय देणं हा त्यामागचा उघड हेतू होता. ‘तुम्ही समाधानी आहात का’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्ही काय करता’ हे त्यात विचारलं जाई. त्याच मुशीतून २००४ मध्ये ‘लॉ स्कूल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट’ हे लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण निघालं.

त्यातला एक प्रश्न पाहा. नेमलेलं वाचन पुरं न करता तुम्ही वर्गात किती वेळा आलात? उत्तरं चार: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, फारच वेळा. ज्या शिक्षणपद्धतीत प्राध्यापक कुणालाही उभं करून नेमलेल्या खटल्यावर त्याची उलटतपासणी घेतो, तिथे हा प्रश्न थेट वर्मावर बोट ठेवतो. डीनच्या हाती पडणाऱ्या अहवालात आपल्या विद्यार्थ्यांची सरासरी असते आणि तिच्या शेजारच्या रकान्यात तुलनेच्या गटातल्या लॉ स्कूल्सची. समजा, तिसऱ्या वर्षाची मुलं वाचून येत नाहीत. एकट्या शाळेला वाटेल, आमचीच मुलं आळशी. शेजारचा रकाना सांगतो की तिसऱ्या वर्षी मन उडणं हे सगळीकडचंच दुखणं आहे. मग बोट मुलांकडून अभ्यासक्रमाकडे वळतं. आकडा एकटा असला की तो दोष देतो, सोबतीला आला की प्रश्न विचारतो.

हे जमलं ते एका करारामुळे: शाळेचे निकाल शाळेपुरते, जाहीर होणार ते फक्त सगळ्यांचे मिळून. या गुप्ततेमुळेच उत्तरं खरी राहिली, असं मी मानतो. २०१४ मध्ये मान्यतेचे नियमही बदलले. विद्यार्थी काय शिकतो हे तपासणं बंधनकारक झालं आणि आपलं शिक्षण पुरेसं आहे का याबद्दल खुद्द विद्यार्थ्यांचं मत, ही तपासणीची एक रीत म्हणून नियमांच्या स्पष्टीकरणात नोंदली गेली.

सामाईक सर्वेक्षणाची खरी ताकद मात्र त्याच वर्षी दुसरीकडे दिसली. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं आणि व्यसनांचं सर्वेक्षण करायला १५ लॉ स्कूल्स पुढे आली आणि ३,३०० हून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यात एक गोष्ट काळजाला लागणारी होती. दारूचा किंवा अमली पदार्थांचा त्रास असला तरी मदत मागायला नको, कारण वकिलीची सनद हातची जाईल, असं निम्म्याहून अधिक जणांना वाटत होतं. सनदेच्या अर्जात चारित्र्याची छाननी होते आणि अनेक राज्यांत मानसिक उपचारांबद्दलही विचारलं जाई. एखाद्या शाळेच्या समुपदेशकाला हे ठाऊक असेलही. पण त्याचं ऐकून राज्याचा अर्ज बदलत नाही. १५ शाळांचं एकत्रित म्हणणं टाळणं जड जातं. २०१५ मध्ये बार असोसिएशनने ठराव करून, निव्वळ निदानाबद्दल किंवा उपचारांबद्दल विचारणारे प्रश्न अर्जातून काढा, असं राज्यांना सांगितलं. पुढे अनेक राज्यांनी आपले अर्ज बदलले. २०२१ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झालं, तेव्हा भाग घेणाऱ्या लॉ स्कूल्सची संख्या ३९ वर गेली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड यांनी यू. एस. न्यूजला माहिती पुरवणं थांबवलं आणि पाठोपाठ इतरही बाहेर पडले. क्रमवारीचा धाक थोडा सैल झाला, तरी शाळेचे निकाल शाळेपुरते ठेवण्याचा सर्वेक्षणाचा मूळ करार तसाच आहे. आज प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलीला प्रत्येक लॉ स्कूलच्या सक्तीच्या माहितीपत्रकात एलसॅटचा मध्यांक, फी आणि किती जण शिक्षण सोडून गेले हे वाचता येतं. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी वाचनाच्या प्रश्नाच्या त्या चार पर्यायांपैकी कोणता निवडला, हे शाळेने आपणहून सांगितलं तरच तिला कळतं.