ट्रकमधील कॅन लाइनचे वायरिंग बिघाड
जड डिझेल ट्रकमधील इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, डॅशबोर्डचा मीटर आणि धूर-शुद्धीकरणाचे सेन्सर एकमेकांशी दोन तारांवरून बोलतात. या जोडीला कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) लाइन म्हणतात. कॅन पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. जड वाहनांत त्यावर एसएई जे १९३९ ही संदेशांची ठरलेली प्रणाली चालते आणि तिचा वेग सेकंदाला २५० किंवा ५०० किलोबिट असतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नॉक्स सेन्सर (धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) आणि यूरिया (डीईएफ, धूर शुद्ध करणारे द्रावण) पंप यांसारखे घटक बहुतेक ट्रकांत या लाइनीवर आले. त्यामुळे पूर्वी फक्त दिव्यापुरता राहणारा तारेचा दोष आता गाडीची ताकद कमी करतो किंवा गाडी जागेवर उभी करतो.

कोल्हापूर परिसरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील ओतकामाचा माल, हंगामातील ऊस आणि गगनबावडा, आंबा घाटांतून कोकणात जाणारी वाहतूक यामुळे ट्रकांना धूळ, हादरे आणि पाऊस असे तिन्ही मार लागतात. कॅन लाइनीच्या बहुतेक तक्रारींमागे हीच कारणे असतात : चेसिसवर घासून सोललेली तार, पाणी शिरून हिरवट पूड चढलेला कपलर (तारा जोडणारा प्लग), सैल झालेली पिन, उंदराने कुरतडलेले लूम (तारांची जुडी). कंट्रोल युनिट (इंजिन, ब्रेक यांचा संगणक) जळणे त्या मानाने क्वचितच घडते. तरीही सर्वांत आधी बदलले जाते ते युनिटच, आणि मालकाचा खर्च वाया जातो.

लक्षणे. इंजिन चालू असताना मीटरचे काटे शून्यावर पडणे, एकाच वेळी चार-पाच दिवे लागणे, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर न लागणे, किंवा खड्ड्यात आपटताच बिघाड येणे आणि पुढे गेल्यावर आपोआप जाणे. कोडपैकी एसपीएन (बिघाड कशात आहे ते सांगणारा क्रमांक) ६३९ हा थेट जे १९३९ जाळ्याचा. सोबत एफएमआय (बिघाडाचा प्रकार) ९ आला, तर एखादा संदेश ठरलेल्या वेळेत येत नाही असा अर्थ. तक्रार कोण करतो यापेक्षा कोणाचा संदेश येत नाही हे पाहावे. मीटर, ब्रेक आणि गिअरबॉक्स तिघेही इंजिन बोलत नाही म्हणत असतील, तर मुख्य लाइनीतून इंजिनकडे जाणारी फांदी, तिथला वीजपुरवठा आणि अर्थिंग तपासायचे. तिघांची युनिट काढून बसण्यात अर्थ नाही.

ओहमची चाचणी. मुख्य लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर असल्याने सुस्थितीत वाचन सुमारे ६० ओहम येते. मास्टर स्विच बंद केला तरी काही युनिटना थेट बॅटरीतून पुरवठा असतो, म्हणून बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबूनच मल्टिमीटर लावावा. बॅटरी जोडलेली असताना लाइनीवर ओहम मोजणे निरुपयोगी. स्कॅनर जोडण्याच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये दोन तारांपैकी कॅन हाय सहसा ६ व कॅन लो १४ क्रमांकावर असते. ९ पिनच्या गोल सॉकेटमध्ये सी व डी. पण सॉकेट गेटवेच्या (दोन लाइनींना जोडणाऱ्या युनिटच्या) पलीकडे असेल, तर तिथले वाचन मागच्या इंजिन लाइनीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून त्या मॉडेलची वायरिंग आकृती आधी पाहावी.

वाचन १२० आले तर एक रेझिस्टर गेला आहे किंवा लाइन मध्येच तुटली आहे. दोन्हींत फरक करायला एका टोकाचा रेझिस्टर काढून त्या टोकावरून मोजावे : १२० दिसले तर पलीकडचे टोक आणि मधली तार ठीक, काहीच दिसले नाही तर तार तुटली किंवा पलीकडचा रेझिस्टर नाही. ४० च्या आसपास आले तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर जोडला आहे. बाहेरून बसवलेले जीपीएस यंत्र हा पहिला संशयित. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. मग कपलर एकेक काढत जावे आणि कोणता काढल्यावर वाचन सावरते ते पाहावे. ७०-८० असे अधेमधे वाचन गंजलेल्या पिनेचे लक्षण असू शकते.

इथे एक सापळा आहे. फांदी तुटली तरी मुख्य लाइनीचे ६० ओहम जसेच्या तसे राहतात. त्यामुळे '६० आले, वायरिंग बरोबर' हा निष्कर्ष अपुरा. ज्या युनिटचा संदेश बंद आहे त्याच्या स्वतःच्या कपलरवर, तो काढून, पुन्हा मोजावे.

व्होल्टेजची चाचणी. बॅटरी जोडून, चावी चालू करून प्रत्येक तार अर्थच्या संदर्भात मोजावी. संदेश नसताना दोन्ही तारा २.५ व्होल्टवर असतात. संदेश जाताना हाय ३.५ पर्यंत चढते, लो १.५ पर्यंत उतरते. साधा मीटर यांची सरासरी दाखवतो, म्हणून हाय २.५ पेक्षा थोडी वर आणि लो थोडी खाली दिसते. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ यावी. हाय तार शून्यावर असेल तर ती बॉडीला टेकली असून सहसा सारी लाइन बसते. लो तार बॉडीला टेकली तर संवाद लंगडत का होईना चालूही राहतो, म्हणून हा दोष जास्त फसवतो. दोन्ही अगदी २.५ वर स्थिर असतील तर कोणीच बोलत नाही, किंवा तारा आपसांत जुळल्या आहेत. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी मीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून लूम हलवत जावे. चेसिसच्या क्लॅम्पपाशी आणि केबिनच्या वळणावर जास्त लक्ष द्यावे.

दुरुस्ती. हाय आणि लो तारांना पीळ असतो, साधारण इंचाला एक. तो बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा म्हणून. कापलेला तुकडा सरळ तारेने जोडला तर पीळ मोडतो. नवी जोडी पुन्हा पिळावी आणि कपलरजवळ पीळ नसलेला भाग ५० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. दोन तारांचे जोड एकाच जागी न ठेवता पुढे-मागे ठेवावेत, क्रिम्प करून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसता काळा टेप घाटातल्या पावसात एक हंगाम टिकत नाही. चाचणीसाठी तारेत सुई टोचणे टाळावे, कारण त्या भोकातून पाणी तारेच्या पोटात चढते. मादी पिनमध्ये मीटरचे जाड टोकही घुसवू नये. पिन फाकते आणि नवा दोष तयार होतो.

पूर आणि वेल्डिंग. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडून ट्रक अडकले होते. पाण्यात राहिलेल्या गाडीत चावी फिरवण्याआधी बॅटरी काढावी, पाण्याच्या पातळीखालचा प्रत्येक कपलर उघडून वाळवावा आणि पिना पाहाव्यात. पाणी ओसरल्यावर गाडी लगेच सुरू झाली तरी गंज काही आठवड्यांनी बोलू लागतो. बॉडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि कंट्रोल युनिटचे कपलर काढून, अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा.