सूर्य बाराला डोक्यावर येत नाही

दिवाळीची सुट्टी संपली की स्टेशनरीच्या दुकानांत भूगोलाचे ‘प्रकल्प’ आयते मिळू लागतात. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, सूर्यमालेचा तक्ता, वर चिकटवायला छापील नावं. मुलं कात्री चालवतात, उरलेलं आई-बाबा करतात आणि गुण मुलांना मिळतात. भूगोल मात्र त्यात कुठे दिसत नाही. तो बघायचा तर शाळेच्या मैदानावर एक काठी पुरते.

एक मीटर उंचीचा सरळ पाईप ओळंबा लावून उभा करा. साडेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा आणि पाईपच्या बुंध्याशी सुतळी धरून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सावली आखडत वर्तुळाच्या आत जाते, मग पुन्हा लांबत जाऊन परिघाला टेकते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य बुंध्याशी जोडला की उत्तर-दक्षिण रेषा मिळाली. आपल्याकडे शंकूने, म्हणजे उभ्या काठीने, दिशा ठरवण्याची रीत हीच. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातला शंकू बारा अंगुळांचा आहे.

दोन्ही खुणांच्या वेळांचा मध्य, म्हणजे खरी मध्यान्ह, काढला की मुलं चक्रावतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूर किंवा नाशिकला तो येतो साडेबाराच्या आसपास. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, नाशिक त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नये म्हणतात, तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो, मुंज्या नेमकी कुठली वेळ पाळतो? ही प्रमाणवेळ १९०६ साली आली, आणि मुंबई तर १९५५ पर्यंत तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ पाळत होती.

आता खरी गंमत, तिला दोन गावांतल्या दोन शाळा लागतात. मध्यान्हीची सावली भागिले काठीची उंची, यावरून सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश ढळला आहे ते कळतं. त्रिकोणमिती नको असेल तर कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावा. २२ डिसेंबरला कोल्हापुरात सावली साधारण ८४ सेंटीमीटर, म्हणजे कोन ४०.१ अंश, नाशिकला ९५ च्या जवळ, म्हणजे ४३.४ अंश. फरक ३.३ अंश. दोन्ही गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजलं तर सुमारे ३६६ किलोमीटर भरतं. ३.३ अंशांना ३६६, तर ३६० अंशांना? जवळजवळ ४०,००० किलोमीटर, पृथ्वीचा परीघ! सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने हेच केलं. त्याचा फरक ७.२ अंशांचा होता, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. अंतर मात्र एसटीच्या तिकिटावरचं घेऊ नका, घाटांची वळणं त्यात धरलेली असतात.

पहिल्या खेपेला उत्तर बहुधा चुकेल, आणि त्याचं कारण सूर्यच. तो बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावलीचं टोक रेघेसारखं तुटत नाही, दीडेक सेंटीमीटर विरत जातं. या पट्ट्यात एका मुलाची पट्टी इकडे थांबते, दुसऱ्याची तिकडे. अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीने कोन ०.१६ अंशाने हलतो आणि परिघात पाच टक्क्यांचा घोळ होतो. उपाय सोपा आहे. पाईपच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावून त्याला टाचणीने भोक पाडा, भोकाची उंची बरोबर एक मीटर ठेवा. पुठ्ठ्याच्या सावलीत जो उजेडाचा ठिपका पडतो तो सूर्याची प्रतिमा असतो. त्याचा मध्य मिलिमीटरपर्यंत मोजता येतो.

मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या दरवर्षी मे महिन्यात झळकतात. पुण्याचा दिवस तेराव्या-चौदाव्या तारखेच्या आसपास, पण तेव्हा शाळांना सुट्टी. तोच योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, तर आभाळ भरलेलं. या प्रयोगाला मुहूर्त लागत नाही, ऊन लागतं आणि दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजावं लागतं. डिसेंबरात दोन्ही मिळतं, शिवाय सावल्या लांब असतात.

जोडीदार शाळा पूर्व-पश्चिम असेल तरी वाया जात नाही. रत्नागिरी आणि गोंदियाने आपापल्या मध्यान्हाच्या वेळा एकमेकांना कळवल्या तर फरक २७-२८ मिनिटांचा येतो. त्याला चारने भागा, दोन गावांच्या रेखांशांतलं अंतर हाती येतं.